छत्रीची गोष्ट कोणाची

माझे वडील गवंडी होते. चिपळूणच्या आसपास त्यांच्या हातची पुष्कळ घरं आहेत. एसटीतून जाताना एखादं दिसलं की ते खिडकीबाहेर बोट करून सांगायचे, "हे आमी बांधलं." मी विचारायचो, "आमी म्हणजे कोण कोण?" ते नुसते हसायचे. घरी आई चिडायची. "कोण कोण काय विचारतोस? ह्यांनी एकट्यांनी बांधलंय."

"आणि माल कालवायला कोण होतं?" वडील विचारायचे.

"मी होते."

"मग? आमीच ना."

मला हे कधी पटलं नाही. घराच्या दारावर नाव घरमालकाचं, कागदावर नाव कंत्राटदाराचं, आणि ज्याच्या हाताला चुन्याने भेगा पडल्या तो म्हणणार 'आमी'. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो, आणि का सांगू नये? इंजिनियरिंगच्या फॉर्मवर वडिलांनी सही केली ती एकेक अक्षर जुळवत, वीट रचल्यासारखी. त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण जे करू त्याला 'मी केलं' म्हणायचं. आमी-बिमी नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे.

ओमानमध्ये मी रुसैलच्या एका कारखान्यात होतो. लोखंडी शेड बनवायचा कारखाना. गोदामं, वर्कशॉप, असल्यांचे सांगाडे तयार करायचे आणि जागेवर नेऊन उभे करायचे. त्यांचं डिझाइन करणारा विभाग माझ्या हाताखाली होता. राहायला अल् खुवैरला. सकाळी गाडीने रुसैल, संध्याकाळी परत.

माझ्या विभागात एक पोरगा लागला, तेव्हा तो तिशीलाही पोहोचला नव्हता. वसईचा, ख्रिस्ती, केळीच्या वाडीतला. त्याच्याही घरात कॉलेजला गेलेला तोच पहिला, म्हणून असेल, पण मला तो पहिल्या दिवसापासून जवळचा वाटला. तोही अल् खुवैरलाच राहायचा, तेव्हा एकाच गाडीने जाणंयेणं सुरू झालं. गाडी माझी, बडबड त्याची. नाताळात तो त्यांच्याकडचे फुगे आणायचा, म्हणजे तळलेले गोडसर गोळे. माझ्या बायकोने ते एकदा चिकनच्या रश्श्याबरोबर खायच्याऐवजी चहात बुडवून खाल्ले, तर म्हणाला, "वहिनी, असं करू नका, माझी आई वसईत जेवण टाकेल."

गणितात तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी तेव्हाही मानत होतो. फक्त त्याला बोलता यायचं नाही. क्लायंटसमोर गेला की खुर्चीच्या कडेला बसायचा आणि सगळी वाक्यं 'आपण'ने सुरू करायचा. "आपण बघितलं ना सर, ते बीम." "आपण म्हटलं होतं ना सर." बघितलेलं त्यानेच असायचं.

आता ती छत्रीची गोष्ट.

एका ओमानी मालकाचं रुसैलमध्येच गोदाम होतं, आमच्याच कारखान्याने पूर्वी बांधलेलं. त्याला एका बाजूची अख्खी भिंत काढून टाकायची होती, म्हणजे ट्रेलर सरळ आत येतील. त्याचं म्हणणं, नुसते पत्रे तर काढायचेत, यात कसलं आलंय इंजिनियरिंग? पण शेड चारही बाजूंनी बंद असते तेव्हा वारा तिला बाहेरून ढकलतो. एक बाजू उघडी केली की तो आत शिरतो आणि छप्पर खालून उचलायला लागतो. वादळात छत्री उलटी होते, तसं. हिशोब केला तर खांबांना जमिनीशी धरून ठेवणारे बोल्ट त्या ओढीला पुरत नव्हते. मी मालकासमोर उभा राहून दोन्ही हातांनी छत्री उलटी करून दाखवली. तो पोट धरून हसला. "खलास, खलास, समजलं," म्हणाला. मग खांबांचे पाये भक्कम करून दिले. पुढच्याच वर्षी समुद्राकडून मोठं वादळ आलं. त्या रांगेतल्या दोन गोदामांचे पत्रे रस्त्यावर येऊन पडले. ही शेड जागची हलली नाही.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात सांगितली, कारखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगितली. घरी पाहुणे आले की माझी मुलगी तिच्या अडखळत्या मराठीत म्हणायची, "बाबा, ती अंब्रेलावाली गोष्ट करा ना." इंग्लंडमधल्या एका संस्थेची इंजिनियर म्हणून सनद मिळते, तिच्या मुलाखतीत मला विचारलं की तुम्ही स्वतः धोका ओळखला असा एखादा प्रसंग सांगा. मी छत्री उघडली. सनद मिळाली. चौकट करून हॉलमध्ये लावली.

मग त्याच्या कॅनडाचं निघालं. त्याची बायको नर्स. तिला तिथे नोकरी लागली आणि ती लहान मुलीला घेऊन पुढे गेली. हा इथे एकटा. त्याला तिथे जाऊन इंजिनियर म्हणूनच काम करायचं होतं, आणि तिथल्या प्रांताच्या परवान्याशिवाय इंजिनियर म्हणवून घेता येत नाही. परवान्यासाठी नुसती डिग्री, परीक्षा एवढंच पुरत नाही. तुम्हाला काय काय जमतं याची एक लांबलचक यादी असते. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला आपल्या कामातलं एक खरं उदाहरण लिहायचं. आणि प्रत्येक उदाहरणाला एक व्हॅलिडेटर द्यायचा, म्हणजे ज्याने ते काम जवळून पाहिलंय असा माणूस. संस्था त्या माणसाला परस्पर मेल पाठवते. तो उदाहरण वाचतो, हे याने खरंच केलं का ते सांगतो, शून्य ते पाचमध्ये गुण देतो, खाली दोन ओळी लिहितो. त्याने काय लिहिलं ते अर्ज करणाऱ्याला दिसत नाही.

माझ्या बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे लग्नाच्या रजिस्टरमध्ये साक्षीदार सही करतो तसं?"

"तसं नाही गं. त्याला फक्त लग्न झालं एवढंच सांगायचं असतं. मला नवरा कसा आहे तेही सांगायचंय."

"मग सांगा की चांगलं. पोरगी तिकडे, बाप इकडे."

त्याने पाच व्हॅलिडेटर दिले होते, पण निम्म्याहून जास्त उदाहरणं माझ्या नावावर होती. साहजिक होतं. एवढी वर्षं त्याचं काम दुसरं कोणी बघितलंय?

लिहायला बसलो तेव्हा पहिल्याच दिवशी गाडी अडली. त्याने सगळीकडे 'वी' लिहिलं होतं. वी डिझाइन्ड, वी चेक्ड, वी फाउंड. मी माझ्या सनदेच्या वेळी हे शिकलो होतो, म्हणून म्हटलं, "अरे, ह्या लोकांना 'वी' चालत नाही. ते विचारतात, वी म्हणजे कोण? तू काय केलंस ते लिही. आय."

"सर, एवढं 'मी मी' केलं तर आई चपलेने मारेल."

"आईला इंग्रजी कळतं का?"

"आईला सगळं कळतं. आमच्या प्रार्थनेत पण 'मी' नाही सर, सगळं 'आम्हाला', 'आमचं'. आता एकदम कॅनडासाठी मी?"

"परवाना तुला एकट्याला पाहिजे ना? की वसईला सगळ्यांना?"

तो हसला. मग दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं त्याचे कागद घेऊन बसायचो आणि एकेक 'वी' खोडून 'आय' करायचो. इंग्रजीत ते एकच 'वी'. आपल्याकडे तसं नाही. 'आपण' म्हटलं की समोरचा त्यात धरला जातो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. त्याच्या बहुतेक 'वी'मागे 'आपण' होतं. मी ते खोडत होतो, आणि त्या 'आपण'मधला दुसरा माणूस मीच होतो. तेव्हा लक्षात आलं नाही.

शेवटी एकच उदाहरण राहिलं. धोका ओळखणे. त्याने तिथे वेल्डिंगच्या तपासणीचं काहीतरी लिहिलं होतं. मी म्हटलं, "हे फार हलकं आहे. असं काहीतरी लिही की तुझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं." त्याने कागद गोळा केले. "बघतो, सर," म्हणाला. आठवड्याने त्याने सगळं भरून पाठवून दिलं. ते एक उदाहरण मी आधी वाचलं नव्हतं.

मेल आला तो सकाळीच आला. मी चहाचा कप बाजूला ठेवून एकेक उदाहरण वाचायला लागलो. चार, चार, पाच, चार. मनापासून देत होतो. गुण देताना माझाच अभिमान वाटत होता, मी घडवलेला पोरगा म्हणून. आणि मग ते उदाहरण आलं. रुसैलमधलं गोदाम. एका बाजूची भिंत. आय आयडेंटिफाइड. आय कॅल्क्युलेटेड. आय एक्सप्लेन्ड टू माय सुपरवायझर, युजिंग द एक्झाम्पल ऑफ ॲन अंब्रेला.

माझी छत्री.

मी ते तीन वेळा वाचलं. काचेपलीकडे, दहा पावलांवर तो बसला होता. डोक्यावर हेल्मेट उलटं घालून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. उठून विचारता आलं असतं. "अरे, हे काय लिहिलंयस?" एवढंच. त्याने सांगितलं असतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण सूचनांमध्ये लिहिलं होतं की व्हॅलिडेटरने आपलं मत स्वतंत्रपणे द्यावं, आणि मला ती ओळ फार बरी सापडली. मनात एकच होतं. मीच याला 'मी' लिहायला शिकवलं, आणि याने पहिला हात माझ्याच ताटात घातला.

एक गुण दिला. खाली लिहिलं की हे काम माझ्या नेतृत्वाखाली झालं, यांनी हिशोबात मदत केली. आणि पाठवून दिलं.

खोटं लिहितोय असं मला एका क्षणासाठीही वाटलं नाही. उलट छाती भरून आली. जवळचा माणूस असला म्हणून काय झालं, मी खरं ते लिहिलं. वडिलांसारखा गप्प बसलो नाही.

दुपारी त्याने काचेवर टकटक केलं. "झालं का, सर?"

"झालं."

"यल्ला, चला, मग बिर्याणी माझ्याकडून."

खाल्ली. तीही खाल्ली मी.

काही महिन्यांनी निकाल आला. त्याने तो गाडीत सांगितला. बाकी सगळं बसलं होतं, एका भागात कमी पडत होतं. अजून अनुभव दाखवा, नवीन उदाहरण द्या, मग पुन्हा बघू, असं त्यांचं म्हणणं.

"कुठला भाग?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"तो धोक्याचा."

मी म्हटलं, "पुन्हा दे. एवढ्याने काय होतं? एक वर्ष."

"हो, सर." वाटेत सीबच्या पुढे ट्रॅफिक तुंबला होता. एरवी अशा वेळी त्याचं तोंड बंद नसायचं. उतरताना म्हणाला, "मुलगी फोनवर येत नाही आता सर. तिला वाटतं बाबा म्हणजे फोन." आणि दार नेहमीसारखं हळू लावून गेला.

तो वर्षभर थांबला नाही. दोन महिन्यांत राजीनामा देऊन निघून गेला. तिथे एका ऑफिसात नकाशे काढायच्या कामाला लागला. गणित दुसरा करतो, सही तिसरा करतो, आपण रेघा मारायच्या. दिवाळीला त्याचा मेसेज यायचा, नाताळला माझा जायचा. बर्फातल्या मुलीचे फोटो पाठवायचा. पुन्हा अर्ज केलास का, असं मी पहिल्या वर्षी विचारलं. "इन्शाल्ला, सर," एवढंच उत्तर आलं, पुढे एक हसणारा चेहरा. आपल्यातला माणूस इन्शाल्ला म्हणाला की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे इथे राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

बायकोने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, तुम्ही त्याला मार्क नीट दिले होते ना?"

"खरे दिले होते."

"खरे म्हणजे चांगले ना?"

मी पेपर उचलला.

मग तेलाचे भाव पडले. कामं आटली, माणसं कमी झाली. आमचा विभाग अर्ध्या जागेत हलवायचं ठरलं आणि जुन्या फायली बघून नको त्या काढून टाका असं फर्मान आलं. मी माझ्या हातांनीच ते करायला घेतलं, कारण हाताखाली माणसंच उरली नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या गोदामाची फाइल हातात आली. खरं सांगतो, मी ती उघडली ती कौतुकाने. म्हटलं, बघू तरी आपला पराक्रम.

हिशोबाच्या कागदावर वर उजव्या कोपऱ्यात दोन चौकोन असतात. एक करणाऱ्याच्या सहीचा, एक तपासणाऱ्याच्या सहीचा. करणाऱ्याच्या चौकोनात त्याची बारीक, तिरकी सही होती. तपासणाऱ्याच्या चौकोनात माझी. तारीख मालकाबरोबरच्या त्या बैठकीच्या चार दिवस आधीची.

सात पानं होती. पहिल्या पानावर वरच त्याने लिहिलं होतं की एक बाजू उघडी केल्यास आतला दाब वाढेल, पाये तपासणे आवश्यक. कोणी त्याला तपासायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कामाची जी मागणी आली होती ती फाइलमध्येच होती, तिच्यात फक्त पत्रे काढण्याचं होतं, आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात शेरा होता, 'किरकोळ काम'. चौथ्या पानावर समासात पेन्सिलीने एक चित्र काढलेलं. उलटी झालेली छत्री. काड्या वर, कापड फुगलेलं, खालून वर जाणारे बाण. दांड्याच्या खाली चार बोल्टसुद्धा काढले होते त्याने, गमतीने.

आणि त्या छत्रीच्या शेजारी लाल पेन्सिलीने, मराठीत, माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शाब्बास'.

मी तिथेच खोक्यावर बसलो.

वर मी ही गोष्ट सांगितली त्यात 'हिशोब केला तर' असं म्हटलंय. कोणी केला ते म्हटलेलं नाही. मी ती नेहमी तशीच सांगत आलो. सुरुवातीला ते विसरून गेलं असेल, नंतर त्या रिकाम्या जागेत मीच जाऊन बसलो. हात वर करून छत्री मी उलटी केली होती, टाळ्या मला मिळाल्या होत्या, एवढं मात्र खरं. क्लायंटला पाठवलेलं पत्र फाइलमध्ये होतं. वी हॅव ऑब्झर्व्ह्ड. ते मीच टाइप केलेलं. त्याने मला येऊन 'आपण एकदा बघू या का, सर' म्हटलं असणार, त्याचं मी 'वी' केलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्या 'वी'चं 'आय' कधी झालं ते कोणी खोडताना पाहिलं नाही.

वडील तरी आईला धरून 'आमी' म्हणायचे.

मी कॅनडातल्या त्या संस्थेला लिहिलं. माझी चूक झाली, हे काम पूर्णपणे त्यांचंच होतं, कागद सोबत जोडला आहे. आठवड्याने सभ्य उत्तर आलं. तो अर्ज निकालात निघालेला आहे. व्हॅलिडेटरला दिलेलं मत मागे घेता येत नाही. अर्जदाराने नव्याने अर्ज केला आणि आपलं नाव पुन्हा दिलं तर आपण नवीन मत देऊ शकता. म्हणजे त्याला सांगणं भाग होतं.

शुक्रवारी सकाळी फोन केला. त्याच्याकडे गुरुवारची संध्याकाळ होती, मागे भांड्यांचा आवाज येत होता. आधी दोघांचं हवेचं विचारून झालं. तिथे उणे काहीतरी, इथे पंखा बंद करायचे दिवस. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. एक गुण दिला ते, खाली लिहिलं ते, फाइल सापडली ते.

मागची भांडी थांबली. कोणीतरी 'काय झालं' असं विचारल्यासारखं वाटलं, आणि तो फोन घेऊन दुसरीकडे गेला. दार लावल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं, सर," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"निकालात लिहिलं होतं की या उदाहरणात अर्जदाराचा स्वतःचा भाग सिद्ध होत नाही. त्या उदाहरणाला एकच व्हॅलिडेटर होता."

इतक्या दिवाळ्या. इतके बर्फातले फोटो.

"मग बोलला का नाहीस मला? गाडीत होतास शेजारी. शिव्या द्यायच्यास."

"काय बोलणार? पहिले वाटलं, सर रागावलेत, विचारू. मग वाटलं, सर खोटं कशाला लिहितील? तुम्ही ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती ना सर, मला पण वाटायला लागलं की तुमचीच असेल. मीच कॅनडाच्या नादात माझी करून घेतली असेल. कागद तर माझ्याकडे नव्हता. मी बायकोला पण हेच सांगितलं, माझीच चूक झाली म्हणून."

"तुझी नव्हती."

"त्याच्यावर तुम्ही लाल पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं का, सर?"

"शाब्बास लिहिलंय."

"हां," तो म्हणाला. लांब श्वास सोडला. "मग बरोबर. मला ते आठवायचं, पण वाटायचं, ते मी मनाने लावलंय."

मी म्हटलं, अर्ज पुन्हा कर. माझं नाव दे. मी पाच देतो, कागद जोडतो, पाहिजे तर तिथे येऊन सांगतो. तो हसला, पण ते हसणं त्याचं गाडीतलं नव्हतं.

"आता नाही, सर. पुन्हा सगळं लिहायचं, पुन्हा परीक्षा, पुन्हा माणसं गोळा करायची. एक साहेब केरळला गेले, एक फोन उचलत नाही. आणि एवढी वर्षं डिझाइनला हात नाही लावला मी. आता कोणी विचारलं तर खरंच येईल की नाही, मलाच माहीत नाही. खलास, सर. ते झालं."

"असं बोलू नकोस रे."

"वाईट नाही चाललंय. मुलगी शाळेत जाते, मी तिला सोडतो." मग म्हणाला, "फक्त तो कागद फेकू नका. मला पाठवता का? मुलीला दाखवेन. ती पण छत्रीच काढते सध्या सगळीकडे."

सातही पानं मी जपून काढली. त्याच्या सहीचा कोपरा दुमडला होता, तो सरळ केला. अल् खुवैरच्या कुरियरवाल्याकडे गेलो. काउंटरवरचा केरळी माणूस मला ओळखतो, त्याच्याकडूनच माझे सनदेचे कागद गेले होते. पाकीट उलटसुलट करून त्याने विचारलं, "सर, अंदर क्या है? सर्टिफिकेट?"

"हाँ."

"आपका?"

"नहीं. जिसको भेज रहा हूँ, उसका."

घरी आल्यावर हॉलमधली चौकट उतरवली. तिथे भिंतीवर फिकट चौकोन उरला, त्यावर पुढे कॅलेंडर लागलं. पाहुणे आले की मुलगी अजूनही ती गोष्ट मागायची. पहिल्यांदा मी सांगितलं की ती माझी नाही, आपल्या वसईच्या काकांची आहे, तेव्हा ती हसायला लागली. "बाबा, यू ऑलवेज सेड 'मी'." मग मी ती नीट, पहिल्यापासून, ज्याने केली त्याच्या नावाने सांगितली. पाहुणे जेवत ऐकत होते. तशी ती कोणाला फारशी रंगली नाही. हात वर करून छत्री दाखवायचं मला जमलं नाही.

पाकीट पाठवल्यावर दहा-बारा दिवसांनी त्याचा मेसेज आला. एरवी त्याचा मेसेज म्हणजे दोन फोटो, चार हसणारे चेहरे, 'आपण रुसैलला असताना' म्हणून काहीतरी आठवण, असं सगळं असायचं. हा एका ओळीचा होता.

"मिळाला, सर. आम्ही बघितला."

आम्ही. ती तिघं. मी फोन टेबलावर पालथा ठेवला.